यूजीसी की आयसीएमआर: धडगावला जाण्याआधी काय वाचावं?

जळगाव-धुळ्यात पीएचडी करणाऱ्यांना यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे नियम तोंडपाठ असतात. साहजिकच! प्रबंधात इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ६०च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. पण ते नियम वाङ्मयचौर्यापुरते. नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्यावर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या संशोधनासाठी रक्त घ्यायचं असेल, तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंच कामाची. माहितीपत्रक समोरच्याला कळेल अशा भाषेत हवं, म्हणजे इथे पावरी किंवा भिली. अहिराणीवर भागेल हा शहरी भ्रम. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार हजर लागतो. ऐनवेळी गुरुजींना उभं करणं सोपं, पण लोक गोळा करून देणारेही तेच असतील तर ते निःपक्षपाती कसले? नैतिकता समितीची मंजुरीही रक्त घेण्याआधीच. साम्यतपासणीचं प्रबंध लिहिताना बघता येईल.