चार शाफ्टचा हातमाग: 11 महिने, एक पावसाळा आणि भाचीचा घागरा

जानेवारीत माग घेतला, डिसेंबरात भाचीचे लग्न झाले. घेण्याआधी मला हवी होती तशी माहिती मराठीत कुठे मिळाली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही डिचोलीला राहतो, तेव्हा यातले निम्मे गोव्याच्या हवेविषयी आहे.

माग चौकटीचा, जमिनीवर उभा राहणारा. चार शाफ्ट (उभे धागे वरखाली करणाऱ्या चौकटी), सहा पावड्या (पायाने दाबायच्या पट्ट्या), विणायची रुंदी 32 इंच. हेडल (शाफ्टवरचे धागा ओवायचे फासे) पॉलिएस्टरचे, लाकूड हलके पांढरे. सुटे भाग होऊन आला. जोडणीची चित्रे अपुरी होती. पावड्यांच्या दोऱ्या आम्ही दोनदा बांधून दोनदा सोडल्या, तिसऱ्यांदा जमल्या. आमच्या वाड्यावरचे मेस्त, म्हणजे सुतार, नसते तर तो आठवडाभर खोक्यातच राहिला असता. सूत आणि दुरुस्त्या धरून 58 हजारांच्या आसपास खर्च आला.

भाची म्हणाली होती, "मामा, साडी तू देशीलच. पण रिसेप्शनचा घागरा तुझ्या हातचा हवा." तिला कुणबी कापडाचा तांबडा रंग हवा होता. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा विणून घेतली, तेव्हापासून ते तांबडे-पांढरे चौकडे शहरातल्या दुकानांतही दिसतात. पण मुळात ते शेतात राबणाऱ्या बायकांचे, खांद्यावर गाठ मारून नेसायचे वस्त्र. त्याची नक्कल करण्यापेक्षा पांढऱ्या कापडावर नुसती तांबडी पट्टी घ्यावी, असे आम्ही दोघांनी ठरवले.

घागरा म्हटल्यावर 32 इंचांचा माग अरुंद पडेल, अशी पहिली भीती होती. उलट तोच पुरला. कळीदार घागऱ्याला रुंद कापड लागतच नाही. सव्वीस इंची पन्ह्याचा एक तुकडा तिरका कापला की दोन कळ्या निघतात, एकीचा घेर या टोकाला, दुसरीचा त्या टोकाला. म्हणून तांबडी पट्टी तुकड्याच्या दोन्ही टोकांना विणावी लागते. कमरेकडे जाणारी पट्टी नेफ्यात लपते आणि बाराही कळ्यांच्या तळाशी काठ येतो. हे मी कागदाच्या पट्ट्या कापून शोधले. त्या संध्याकाळी झालेला आनंद अजून आठवतो.

सुताबद्दल. पहिल्या प्रयत्नात 40 नंबरचे (नंबर मोठा तितके सूत बारीक) एकेरी सूत घेतले, ते फणीत, म्हणजे उभे धागे अंतरावर धरणाऱ्या दातेरी पट्टीत, सारखे तुटे. जुन्या विणकरांसारखी तांदळाच्या पेजेची खळ लावली. ताणा, म्हणजे उभे धागे, गुळगुळीत झाला, काम चालू झाले, पण उरलेल्या लड्यांवर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काळे ठिपके आले. बुरशीला खळ म्हणजे जेवणच. लग्नाच्या कापडासाठी मग दुहेरी पिळाचे मर्सराइज्ड (प्रक्रियेने मजबूत आणि चकचकीत केलेले) सूत आणले, 2/40 चे. त्याला खळ लागत नाही. नवीन माणसाने थेट इथूनच सुरुवात करावी.

हिशेब असा. इंचाला 48 उभे धागे, फणीत 30 इंच रुंदी, म्हणजे 1440 धागे. ताणा 10 मीटरचा. मागावर बांधण्यात आणि शेवटी उरण्यात पाऊण मीटर जातो, विणताना धागे वरखाली वळतात त्यात आठेक टक्के, धुतल्यावर आणखी तेवढेच. हाती पावणेआठ मीटर आले. रुंदी 30 वरून साडेसव्वीस इंचांवर आली. कापडाचे माप धरून सूत आणाल तर नक्की कमी पडेल. धागे ओवायला सहा संध्याकाळी लागल्या. बायको एकेक धागा पुढे करी, मी आकडीने ओढून घेई. मागासोबत आलेली फणी इंचाला 12 घरांची होती. एका घरात चार-चार धागे घातले की कापडात उभ्या फटी दिसतात, म्हणून 24 घरांची वेगळी करवून घेतली.

आणि तिथेच मोठी चूक केली. ती साध्या पोलादाची घेतली, गंज न धरणारी नव्हे.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत चार दिवस नातेवाइकांकडे गेलो. परत येऊन धोटा (आडवे सूत नेणारा) उचलला तर जिथे फणी टेकून राहिली होती, तिथे ताण्यावर आडवी तपकिरी रेघ. मला रडू आले. लिंबू-मिठाने ती फिकट झाली, गेली नाही. तो तुकडा चोळीच्या वाट्याला लावला आणि शिंप्याने डाग वगळून कापला. तेव्हापासून काम थांबवताना हत्था (फणी बसवलेली चौकट) मागे नेऊन बांधतो, फणीला मेण घासतो आणि रात्री मागावर चादर टाकून खाली छोटा विजेचा दिवा ठेवतो. उबेने ओल धरत नाही. दुसऱ्या ताण्याला गंज न धरणारी फणी घेतली. ती मागाबरोबरच मागवावी.

पावसाने एक उपकारही केला. ओलसर हवेत सुताला बळ येते. फेब्रुवारीत पंख्याखाली दिवसाला पाच-सहा धागे तुटत, जुलैत दोन दिवसांत एखादा. खड्डामागाचा (जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागाचा) विणकर जमिनीच्या ओलीशेजारी बसतो, त्याचे एक कारण मला तेव्हा कळले. तेव्हा ओल हवी, ती फक्त लोखंडाला लागू नये.

लाकूड मात्र फुगले. कापड गुंडाळायचा दांडा जूनमध्ये फिरेना, ऑगस्टमध्ये त्याचा खटका (दांडा उलटा फिरू न देणारा) ताण धरेना. मेस्तांनी खटक्याचे चाक फणसाच्या लाकडाचे करून दिले, तेव्हापासून तक्रार नाही. विक्रेत्याकडे बदली भाग मागितला होता, दोन महिने उत्तर आले नाही. याचे गुण मी कापतो.

चवथीला माग हलवावा लागला. गणपती बसतो त्याच खोलीत तो होता आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची तर छताखाली जागा मोकळी हवी. ताण सैल करून चौघांनी उचलून मागच्या पडवीत नेला. दीड दिवसाचे विसर्जन झाल्यावर परत आणला, तर डावी किनार ढिली पडू लागली. चौकट तिरकी झाली होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरीने मोजले तर दोन कर्णांत 14 मिलिमीटरांचा फरक. एका पायाखाली पाचर ठोकून बोल्ट पुन्हा आवळले आणि कापड सरळ झाले. माग जिथे कायम राहील अशीच जागा निवडा, घरातल्या सणांचा विचार करून.

विणण्याचे म्हणाल तर सवय झाल्यावर तासाला दहा-बारा इंच. मी शाळेतून निवृत्त झालो आहे, तरी रोज तासभरच बसलो. पाठ त्याहून जास्त देत नाही, सोबतचे बाक फार ठेंगणे आहे. त्याला चार इंचांची फळी जोडली. रुंदी ताणून धरणारी दातेरी काठी सोबत मिळत नाही, तीही घ्या. तिच्याशिवाय किनारीचे धागे घासून तुटतात. तांबडे सूत विणण्यापूर्वी गरम पाण्यातून तीन वेळा काढले. पहिल्या पाण्याचा रंग पाहून भाची घाबरलीच होती, तिसरे स्वच्छ निघाले.

नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नाआधी कापड उतरले. बारा कळ्या, सहा मीटरांच्या आसपास घेर, चालताना जड पडत नाही. जवळून पाहिले तर चवथीआधीची आणि नंतरची वीण वेगळी कळते, नंतरची थोडी दाट आहे. भाचीने ती दाट कळी मुद्दाम पुढे लावायला सांगितली.

दोन-चार महिन्यांत लग्न असेल तर हा माग घेऊ नका, तयार हातमागाचे कापड घ्या. वर्ष हाताशी असेल, घरात सुतारकाम जाणणारे कोणी असेल, तर जरूर घ्या. पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा गुण खटक्याचा, अर्धा बाकाचा, अर्धा त्या दोन महिन्यांच्या मौनाचा.

सध्या मागावर दुसरा ताणा आहे, पुतण्याच्या मुंजीच्या पंच्यांचा. फणी नवी आहे, तरी चादर आणि दिवा चालूच ठेवले आहेत.