देवबागचा फायबरवाला: होडीची मागची फळी बदलून घेतली, त्याचा हिशेब

फायबरची होडी कुजत नाही, असं सांगूनच ती गळ्यात मारतात. फायबर खरंच कुजत नाही. पण जुन्या होडीत ज्या मागच्या फळीवर मशिन, म्हणजे होडीचं इंजिन, टांगतो, तिच्या पोटात प्लायवूड असतं. तळाला लांबीने टाकलेल्या पट्ट्यांमध्येही बऱ्याचदा लाकूडच असतं. ते कुजलं तरी बाहेरून होडी चकाचक.

आमचा होमस्टे आहे आणि पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला २२ फुटी सेकंडहँड होडी आहे. दीर चालवतात, हिशेब मी ठेवते. मशिनचे बोल्ट आवळले की पुन्हा सैल व्हायचे आणि वॉशरखालून चहाच्या रंगाचं पाणी ओघळायचं. दोघातिघांना दाखवलं. एक जण म्हणाला, चार भोकं पाडतो, पातळ रेझिन (सुकून कडक होणारं रसायन) ओततो, दगड होईल. लाकडाचा भुसा झालेला असताना त्यात रेझिन ओतून फळीला ताकद येत नाही, आणि ओल्या लाकडात ते धड मुरतही नाही. त्याला नमस्कार केला.

मग ज्यांच्याकडे गेलो त्यांचं हे परीक्षण. दुकानाला पाटी नाही. मालवणजवळच्या देवबागच्या रस्त्याला खाडीच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, "फायबरवाले मेस्त्री" म्हटलं की कोणीही बोट दाखवतं.

मला माणूस पटला तो त्याच्या तपासण्यावरून. आधी भाव सांगितलाच नाही. प्लास्टिकच्या हातोडीने फळीभर ठोकत गेला. वर टणटण वाजत होतं, खाली बुचाच्या, म्हणजे होडीतलं पाणी सोडायच्या, भोकाकडे येईतो आवाज बसला. दिरांना मशिनचा खालचा भाग धरून वर-खाली करायला लावलं आणि स्वतः फळीकडे बघत उभा राहिला. फळी हलताना मलाही दिसली. ४० अश्वशक्तीचं मशिन त्याच फळीला लटकतं, आणि लाटेवर आपटताना जोर तिच्यावरच येतो. मग आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारून भुसा तळहातावर घेतला. वरच्या भोकातला भुसा पिवळट, कोरडा. खालच्यातला काळा, चिकट, कुबट वासाचा. "वैनी, भायरसून बरां दिसता, पण आतसून सगळां कुसलां हा," एवढंच बोलला. भोकं आतूनच पाडायची, म्हणजे पाण्याखाली नवी वाट होत नाही, हेही त्याच्याकडूनच कळलं.

दिरांनी ऑनलाइन मागवलेला दोन पिनांचा ओलावा मोजायचा मीटर होता. तो इथे निरुपयोगी. पिना फायबरमधून लाकडापर्यंत पोचतच नाहीत. बिनपिनांचे मीटर मिळतात, पण तळात पाणी साचलेलं असेल किंवा पृष्ठभागावर मीठ असेल तर तेही फसवतात. हातोडी आणि ड्रिल स्वस्त पडतात.

आता कुजलं कशाने? समुद्राच्या पाण्याने, असं आपल्याला वाटतं. मेस्त्री म्हणाला, पावसाने. विचार केला तर बरोबर आहे. लाकूड कुजवणारी बुरशी खारट पाण्यात फारशी माजत नाही. तिला गोडं पाणी, हवा आणि ऊब लागते. मेच्या अखेरीस जलपर्यटन बंद झालं की होड्या माडाखाली ओढून ठेवतात, सबंध पावसाळा त्यांच्यात पाणी साचतं, आणि बुचाच्या भोकाची प्लायची उघडी कड ते पाणी पीत राहते. वापरात असताना नव्हे, होडी विश्रांतीला असते तेव्हा कुजते.

काम आतल्या बाजूने केलं. आतला फायबरचा पापुद्रा ग्राइंडरने कापून काढला, बाहेरचा तसाच ठेवला, त्यामुळे होडीचा आकार आणि बाहेरचा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत रंगीत थर) शाबूत राहिला. खालचं प्लाय हाताने उपसून निघालं, ओल्या नाचणीच्या भाकरीसारखं. वरचं मात्र छिन्नीने झोंबून काढावं लागलं, आणि तेही त्याने ठेवलं नाही. मग पोकळी बरेच दिवस उघडी ठेवून वाळवली. मला घाई होती, त्याला नव्हती. इथे तो बरोबर होता.

प्लायवरून आमची जुंपली. हार्डवेअरवाले "वॉटरप्रूफ" म्हणून जे पुढे करतात ते बहुतेक आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानक) चं असतं, स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक. होडीला आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. शिक्का फळीवर छापलेला असतो, स्वतः वाचून घ्या. मेस्त्री "दोन्ही चालतंत" म्हणत होता. मी ७१० च आणलं, १९ मिलिमीटरच्या दोन फळ्या, इपॉक्सीने (जास्त घट्ट धरणारं, महागडं रेझिन) एकमेकींना चिकटवून.

रेझिनचंही तसंच. त्याची सवय पॉलिएस्टर, म्हणजे स्वस्तातलं रेझिन, आणि मॅटची, म्हणजे काचेच्या सुट्या तंतूंच्या चादरीची. नवी होडी साच्यात घडवायला ते ठीक, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी कितीतरी घट्ट धरते. महाग असते, म्हणून तो आपणहून सुचवत नाही. मागितल्यावर मात्र नीट केलं. नेहमीची मॅट इपॉक्सीत चालत नाही, कारण तिचे तंतू धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवाने विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. म्हणून काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड आणायला लावलं. कोपऱ्यात पुट्टी भरून गोलाई दिली, त्यावरून कापड तळापर्यंत वळवलं. एक थर सुकल्यावर वर मेणचट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा थर.

मला सगळ्यात आवडलं ते बोल्टच्या भोकांचं काम. भोकं आधी मोठी पाडली, घट्ट केलेल्या इपॉक्सीने गच्च भरली आणि सुकल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडलं. आता पाणी झिरपलं तरी इपॉक्सीलाच लागेल, लाकडाला नाही. बुचाचं भोकही असंच.

आणखी एक: पॉलिएस्टर सुकवायला लागणाऱ्या कोबाल्ट आणि हार्डनरच्या बाटल्या त्याच्या शेडमध्ये दोन टोकांना असतात. ते दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. कुठल्याही फायबरवाल्याकडे गेलात तर आधी हे बघा, बाकीचं नंतर.

तक्रारी आहेत. सांगितलेली तारीख म्हणजे नुसता अंदाज. मजुरीचं लेखी बिल मिळत नाही. मला वहीत सही घ्यायला फार बोलावं लागलं. घासताना काचेची धूळ शेडभर उडते आणि हाताखालच्या पोराला मास्क नाही. दिरांनी आणून दिले, दुसऱ्या दिवशी ते खिळ्याला टांगलेले. आतली सफाई दिसायला ओबडधोबड, राखाडी रंग मारून झाकलेली. पाहुण्यांना ते दिसत नाही, मला दिसतं.

सगळं मिळून ३५ हजारांच्या आसपास गेले, त्यात निम्म्याहून जास्त इपॉक्सी, कापड आणि प्लाय. नव्या होडीच्या मानाने काहीच नाही. पॉलिएस्टरमध्ये बरंच स्वस्त झालं असतं.

पाचपैकी चार. एक कापला तो बिलाचा आणि मास्कचा. जायचं तर दिवाळीनंतर जा, हवा कोरडी असते. पावसात तो इपॉक्सीचं काम घेत नाही, आणि कोणी घेत असेल तर त्याला देऊ नका. सामान स्वतः आणा, नुसती मजुरी ठरवा. आणि जुनी होडी विकत घेणार असाल तर पैसे मोजण्याआधी मेस्त्रीला सोबत न्या. तपासायचे फार घेत नाही, फक्त जायचं-यायचं बघावं लागतं आणि मधे कुठेतरी मासे-भात.