भाऊ दाजी लाड संग्रहालय, भायखळा: आत १८७२, खरा इतिहास अंगणात

राणीच्या बागेला लागून असलेलं हे संग्रहालय १८७२ साली उघडलं ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं १९७५ मध्ये. महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी २००३ साली हाती घेतलेला जीर्णोद्धार होऊन २००८ च्या जानेवारीत ते पुन्हा खुलं झालं. या कामाला २००५ मध्येच युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता.

कामाचा दर्जा अव्वल. आतली सोनेरी नक्षी जवळून न्याहाळा: तो सोन्याचा वर्ख आहे. स्वस्तातला सोनेरी रंग मारला असता तर त्यातली पितळेची पूड मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत काही पावसाळ्यांतच काळवंडली असती. पायाखालच्या, इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या फरश्यांवर नक्षी छापलेली नाही. साच्यात रंगीत माती भरून त्या भाजल्या आहेत. रंग काही मिलिमीटर खोल उतरलेला असल्याने झिजूनही नक्षी पुसत नाही. अशा फरशीला ॲसिड लावलं की आधी सांध्यांतला चुना जातो, मग कडा उडू लागतात. जुन्या घरात अशी फरशी असेल तर साधं पाणी आणि सौम्य साबण, बस्स. पॉलिशचं मशीन तर लांबच ठेवा.

तक्रार एकच. आतला डौल उद्घाटनाच्या दिवशीच थांबल्यासारखा वाटतो. मधली सव्वाशे वर्षं कुठे गेली, हे त्या चकचकाटात कळत नाही.

ती सापडतात बाहेर. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो दगडी हत्ती इथे उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जुळवून तो उभा केला १९१४ मध्ये. सांधे नीट दिसतात, आणि ते लपवले नाहीत हे उत्तमच. स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांतून हलवलेले राणी व्हिक्टोरिया, ब्रिटिश गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस वगैरेंचे पुतळेही याच आवारात आणून ठेवले आहेत. न फोडता, पण चौथऱ्याचा मानही न देता! साम्राज्याची आठवण जपण्याची याहून सडेतोड मांडणी मुंबईत दुसरी नाही.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून चालत दहाएक मिनिटं. बुधवारी बंद. अंगण आधी पाहा, आत नंतर जा.