जुन्या चांदीच्या रुपयांसाठी यूएसबी मायक्रोस्कोप : काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयांच्या व्हरायटी (एकाच प्रकारच्या नाण्यांतले बारीक फरक) आणि एरर (पाडताना झालेल्या चुका) तपासायला साधा यूएसबी मायक्रोस्कोप घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. त्याआधी दहापट दाखवणारं भिंग वापरत होतो, ते अजूनही खिशात असतंच. घ्यावा की नाही, असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

खोक्यावर छापलेला '१०००एक्स'चा आकडा विसरून जा. नाण्याला दहा ते चाळीसपट पुरे होतं. त्यापुढे अक्षर हरवतं आणि नुसते ओरखडे दिसत राहतात.

खरं काम उजेडाचं आहे. लेन्सभोवतीच्या एलईडींचा प्रकाश सरळ वरून पडतो, चांदी चकाकते आणि उठाव सपाट दिसतो. मी ते एलईडी अगदी मंद करतो आणि टेबललॅम्प बाजूने, जवळपास नाण्याच्या पातळीवर आणतो. व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयाला हे करावंच लागतं. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही हेच साल राहिलं. मुंबई टांकसाळीचे रुपये वेगळे काढायचे तर सालाखालचे ठिपके मोजावे लागतात, आणि झिजलेल्या नाण्यावर ठिपका कुठला आणि मार लागून पडलेला खळगा कुठला, हेच कळत नाही. बाजूच्या उजेडात कळतं. ठिपका उंच असतो, त्याची सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते. खळग्याची सावली त्याच्या आतच, दिव्याकडच्या काठाला असते. दिवा कुठे ठेवला होता ते माहीत नसेल तर फोटोत उंचवटा खळग्यासारखा भासतो, म्हणून मी प्रत्येक फोटोत दिवा डावीकडे वरच ठेवतो.

१८४० च्या रुपयावर पानांच्या चक्रातली फळं मोजणं किंवा मानेच्या कापावरची 'डब्ल्यू. डब्ल्यू.' ही नाण्याचा छाप कोरणाऱ्या विल्यम वायनची आद्याक्षरं शोधणं, ही कामं भिंगानेही होतात. मायक्रोस्कोपने पडद्यावर निवांत होतात, एवढाच फरक. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या पोशाखावरचा तो डुकरासारखा दिसणारा हत्ती मात्र पडद्यावर मोठा करून १९१२ च्या सुधारलेल्या हत्तीशेजारी जरूर बघा. सोंडेतला फरक बघून समाधान होतं.

माझ्या मते या यंत्राने पैसे वसूल होतात ते एकाच डायमधून, म्हणजे छाप उमटवणाऱ्या साच्यातून, निघालेली नाणी ओळखताना. डायला तडा गेला की तिथे धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. ओरखडा खोल असतो, तड्याची रेघ वर आलेली असते. ही रेघ त्या डायची ओळखच ठरते. एकाच मोठेपणावर काढलेले दोन रुपयांचे फोटो शेजारी ठेवले आणि रेघ त्याच अक्षरातून त्याच कोनात जाताना दिसली, की डाय एकच. एका रुपयावर ती कडेपाशी थांबलेली आणि दुसऱ्यावर मुकुटापर्यंत पोहोचलेली असेल, तर दुसरा नंतर पाडलेला. कागदपत्र न उघडता नाण्यांचा क्रम लागतो! भिंगाने हे जमवायला स्मरणशक्तीवर विसंबावं लागतं, इथे फोटो साठून राहतात.

दुहेरी अक्षरांबाबतही मोठी मदत होते. दुसरी प्रतिमा सपाट, पायरीसारखी असेल आणि मूळ अक्षर बारीक झालं असेल, तर तो पाडताना डाय हलल्याचा परिणाम, त्याला फारशी किंमत नाही. डायवरच आकडा दोनदा ठोकला गेला असेल तर दोन्ही कडा गोलसर, स्पष्ट आणि कोपऱ्यात खाच दिसते. विक्रेते पहिल्या प्रकाराला सर्रास दुसऱ्याच्या नावावर खपवतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट नेहमी भेटते. पूर्वी हारात ओवायला कितीतरी रुपयांना कडी लावत. कडी काढल्यावर कडेला डाकाचा फुगवटा राहतो, आणि तो 'डाय तुटल्याचा एरर' म्हणून विकला जातो. पडद्यावर डाकाचा रंग वेगळा दिसतो आणि खाली गाडलेले कडेचे दातेही दिसतात. लाखी, म्हणजे एका बाजूला उलटी, खोल प्रतिमा असलेलं एरर नाणं, पकडीत दाबून खोटंही बनवतात. अशा खोट्या नाण्यात दुसऱ्या बाजूचा उठाव चेपलेला सापडतो. १९३९ चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे शेवटच्या आकड्याभोवती हत्याराच्या खुणा आहेत का ते बघितल्याशिवाय घेऊ नका.

आता उणिवा. सोबत आलेला स्टँड कुचकामी आहे. मान हळूहळू खाली येते आणि फोकस जातो. जड पायाचा स्टँड वेगळा घ्यावा लागला. रुपया साधारण साडेतीस मिलिमीटरचा, तो जवळून एका चौकटीत मावत नाही, त्यामुळे पूर्ण नाण्याचा फोटो मोबाइलनेच काढतो. मोजमापाची सोय आहे, पण झूम बदलला की पट्टी ठेवून पुन्हा जुळवावी लागते. वजन तर हा सांगणारच नाही. ११.६६ ग्रॅमचा रुपया तोलायला बारीक काटा हवाच, तोही आधी घ्या.

एक कळकळीची विनंती. पडद्यावर अक्षरांच्या फटीतला मळ मोठा दिसतो आणि टाचणीने काढायचा मोह होतो. काढू नका. तो मळ आणि ती काळसर झाक गेली की नाण्याची किंमत गेली, आणि तुम्ही पाडलेला ओरखडा पुढच्या माणसाला याच यंत्रातून दिसणार आहे.

फक्त सालवार संच जमवत असाल तर भिंग आणि काटा पुरेत. एकाच सालाचे अनेक रुपये हाताखालून जात असतील तर मात्र घ्याच.