पणाला काय लावायचं: जीव, झोप की शब्द? स्वप्नातल्या लढाईच्या तीन पद्धती

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, इंदिरानगरातल्या आमच्या टेबलावर मी डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पहिल्यांदा स्वप्नातली लढाई लावली. फासे टाकून एकत्र गोष्ट खेळायचा हा खेळ; मी डीएम, म्हणजे जग आणि राक्षस चालवणारा. सातव्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट), पाच जण. गोदाघाटासारखा घाट होता, पण पायऱ्या पाण्यातून निघून आभाळात जाणाऱ्या. घंटेचा नाद आधी यायचा आणि टोला नंतर पडायचा. नकाशावर आठवडाभर खपलो होतो. दुसऱ्याच राउंडला आमचा फायटर, म्हणजे योद्ध्याचं पात्र खेळणारा, मिसळीबरोबरचा पापड मोडत म्हणाला, "स्वप्नच आहे ना दादा? मग मी वरून उडी टाकतो. पडलो की जाग येईल." टाकली. मागोमाग बाकीच्यांनीही टाकली. माझा राक्षस घाटावर एकटाच उभा.

रागावण्यात अर्थ नव्हता. सकाळी उठल्यावर कोणाचं काय गेलेलं असेल हे मी ठरवलंच नव्हतं, मग त्यांनी घाबरायचं कशाला? (आमचा रेंजर हे पात्र एल्फ वंशाचं आहे आणि एल्फ झोपत नाहीत, हेही तेव्हा लक्षात आलं नव्हतं. त्याचं पुढे सांगतो.)

त्यानंतर तीन पद्धती करून पाहिल्या. तुम्ही डीएम असाल आणि येत्या रविवारी पार्टीला झोपवून लढवायचा विचार असेल, तर त्यातली कोणती घ्यायची ते बघा. खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४ चे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत; त्यातला एक्झॉशनचा फरक खाली सांगितला आहे.

जीव: स्वप्नात मेलास तर मेलास

सगळ्यांना आधी हीच सुचते. डीएमला सोपी, कारण वेगळा नियमच नाही. इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी आधी ते) टाका, लढा, हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, शून्यावर गेले तर डेथ सेव्ह, म्हणजे जगता की मरता ते ठरवणारे फासे.

गोम अशी, की ही लढाई जागेपणीच्या लढाईइतकीच कठीण वाटते आणि असते मात्र जास्त कठीण. रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवणारा मंत्र मरणानंतर १ मिनिटाच्या आत टाकावा लागतो आणि त्यात ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा जातो. आमचा फायटर रात्री दोनला झोपेत मेला तेव्हा क्लेरिक (असे मंत्र टाकणारा पुजारी) शेजारच्या पथारीवर घोरत होता. पहाटे तो उठेपर्यंत ते मिनिट कधीच निघून गेलेलं. मग उरतो रेझ डेड: पाचव्या पातळीचा मंत्र, ५०० चा हिरा, १० दिवसांची मुदत. पाचव्या पातळीचे मंत्र क्लेरिकला नवव्या लेव्हलला मिळतात. म्हणजे सातव्या लेव्हलच्या पार्टीसाठी झोपेतलं मरण जवळपास कायमचं. रोजच्या लढाईत जी जाळी खाली असते ती इथे नाही, आणि खेळाडूंना ते कळतं कॅरेक्टर गेल्यावर.

भीती मात्र खरी. उडी टाकणारा तोच फायटर दुसऱ्या खेपेला प्रत्येक चौकोन मोजून पुढे सरकत होता. कॅम्पेनचा शेवट असेल, समोर स्वप्नांचा मालक असेल आणि तुम्ही आधी स्वच्छ सांगितलं असेल, तरच ही पद्धत घ्या. मधल्याच एखाद्या रात्री कुणाचं दोन वर्षं खेळलेलं कॅरेक्टर झोपेत गेलं, तर तो माणूस पुढच्या रविवारी "घरी पाहुणे आलेत" असा मेसेज टाकतो. आमच्याकडे टाकला होता.

झोप: मरण नाही, सकाळी बिल

मी सगळ्यात जास्त वापरली ती ही. स्वप्नात शून्यावर गेलात तर मरत नाही, दचकून जागे होता, पण रात्रीची किंमत अंगावर घेऊन. किंमत कसली, यावर सगळं अवलंबून आहे.

नियमपुस्तकातच दोन नमुने आहेत. पहिला ड्रीम हा मंत्र. बार्ड, वॉरलॉक आणि विझर्ड या जादू करणाऱ्या पात्रांचा, पाचव्या पातळीचा. त्यातून अक्राळविक्राळ रूप घेऊन कुणाच्या झोपेत शिरता येतं. विस्डम सेव्ह (मंत्र टाळायची फाशाची चाचणी) हुकला तर त्या रात्रीच्या विश्रांतीचा काहीच फायदा नाही आणि जाग आल्यावर सहा बाजूंच्या ३ फाशांइतकं सायकिक डॅमेज, म्हणजे मनावरचा घाव. शत्रूकडे तुमचा केस, कापलेलं नख असं काही असेल तर सेव्ह डिसॲडव्हांटेजने (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा). या शेवटच्या अटीवर आमचं एक अख्खं सेशन रंगलं. पार्टीने गावातल्या न्हाव्याला पैसे देऊन कापलेले केस स्वतःसमोर जाळायला लावले.

पण "लाँग रेस्ट बुडाली" (म्हणजे रात्रभराची विश्रांती) हे बिल सगळ्यांना सारखं लागत नाही. विझर्ड आणि क्लेरिक सकाळी मोकळ्या हातांनी उठतात, कारण त्यांचे स्पेल स्लॉट (किती मंत्र टाकता येतील तो साठा) लाँग रेस्टनेच भरतात. फायटरचा ॲक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टवरही, म्हणजे छोट्या विश्रांतीवरही, परत येतात, त्यांना ओरखडाही नाही. आमची विझर्ड सलग दोन रविवार क्रॉसबो चालवत बसली. तिसऱ्या रविवारी येताना ती घरून खेळण्यातला क्रॉसबो घेऊन आली आणि तो काही न बोलता टेबलावर ठेवला. समजायचं ते समजलो.

एक्झॉशन, म्हणजे साचत जाणारा थकवा, देऊन पाहिलं. २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलला फक्त ॲबिलिटी चेकला (चढणं, शोधणं अशा चाचण्यांना) डिसॲडव्हांटेज, हल्ले करणाऱ्याला काही जाणवतच नाही. तिसऱ्या लेव्हलला हल्ले आणि सेव्ह दोन्हींना, आणि सहाव्याला मरण. त्यात एक लेव्हल उतरते ती लाँग रेस्टने, आणि तीच तर आपण मोडतोय. दोन वाईट रात्री लागोपाठ आल्या की पार्टी गाळात रुतत जाते. २०२४ मध्ये प्रत्येक लेव्हलला वीस बाजूंच्या फाशावरच्या प्रत्येक चाचणीत २ वजा होतात, तिथे पहिल्या रात्रीपासून बोचतं. त्या नियमांनी खेळत असाल तर एका रात्रीला एकच लेव्हल द्या.

दुसरा नमुना नाइट हॅग या चेटकिणीचा, आणि तो मला सगळ्यात आवडला. ती झोपलेल्या माणसाला निदान तासभर भयस्वप्नं दाखवते. विश्रांती वाया जाते, शिवाय कमाल हिट पॉइंटच दहा बाजूंच्या फाशाइतके कमी होतात. ते परत येतात ग्रेटर रिस्टोरेशन मंत्राने, तोही पाचव्या पातळीचा. शून्यावर गेले की मरण. ३८ हिट पॉइंटची आमची विझर्ड या हिशेबाने सहा-सात रात्रींची सोबतीण. प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हल अँड गुड मंत्राने हॅगचा स्पर्श अडतो, पण तो टिकतो जास्तीत जास्त १० मिनिटं, आणि हॅगला घाई नसते.

मी यावरून घरचा नियम केला. स्वप्नात जो शून्यावर जाईल त्याचेच कमाल हिट पॉइंट घटणार. जो शेवटपर्यंत उभा राहील त्याला अख्खी लाँग रेस्ट. हॅग हरली की गेलेलं सगळं परत. त्याच्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) कमाल आकडा खोडून खाली नवा लिहायला लावायचो, पेनाने. तीन रात्रींत विझर्डच्या कागदावर एकाखाली एक तीन आकडे झाले: ३८, ३१, २७. मग "स्वप्नच आहे ना" कुणी म्हटलं नाही.

शब्द: तलवार कमी, सौदा जास्त

राजा हरिश्चंद्राची गोष्ट आपल्याकडे आजी सांगायची ती अशी: त्याने स्वप्नात राज्य दान दिलं आणि सकाळी विश्वामित्र दारात हजर. स्वप्नातल्या व्यवहाराला जागेपणीचं वजन देणारी याहून चांगली युक्ती मला सापडलेली नाही. तिसरी पद्धत तिच्यावरच बेतली.

हिट पॉइंट मोजायचेच नाहीत. प्रत्येक खेळाडू स्वप्नात शिरताना एक गोष्ट पणाला लावतो: आठवण, नाव, कुणाला दिलेलं वचन. गटाला ३ अपयशांच्या आत ३ यशं मिळवायची, डेथ सेव्हसारखंच. हरलात की सकाळी कुणीतरी वसुलीला येतं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, म्हणून आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवला: तुझ्या कॅरेक्टरला लहानपणी जाग कशाने यायची? फायटरचं उत्तर होतं, पाट्यावर वाटणाऱ्या आईच्या बांगड्यांचा आवाज. लढाई ऐन रंगात असताना मी बोलणं थांबवलं आणि स्टीलच्या वाटीवर किल्ल्यांचा जुडगा हळूहळू घासला. बाकीच्यांना काही कळेना. त्याने फासे खाली ठेवले. "मी लढत नाही," म्हणाला, "मी दार उघडतो." त्या एका दारापायी पार्टी हरली आणि आईचा चेहरा त्याच्या आठवणीतून गेला. तो परत मिळवायला पुढची चार सेशन्स गेली. कोणत्याही ड्रॅगनने आम्हाला इतकं खेळवलं नव्हतं.

तोटाही सांगतो. बोलका बार्ड टेबल खाऊन टाकतो, आणि ज्यांना फासे टाकायलाच आवडतं त्यांना फसवल्यासारखं वाटतं. डीएमची तयारीही दुप्पट. आणि खेळाडूंच्या खऱ्या आयुष्यातली दुखणी यात चुकून सापडतात, म्हणून "या विषयात जायचं नाही" अशी यादी आधीच मागून घ्या.

वेळेचं बोलायचं तर आमच्याकडे जीवाची लढाई दीड तास, झोपेची तेवढीच, शब्दाची चाळीस-पन्नास मिनिटं. नवा गट असेल तर माझं मत सरळ झोपेला, तेही हॅगच्या हिशेबाने. वर्षभर एकत्र खेळलेला गट असेल तर शब्द. जीव फक्त शेवटाला.

राहिला एल्फ. चार तास ट्रान्समध्ये (ध्यानात) असतो, जादूने झोपवता येत नाही, ड्रीम मंत्रही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नियम वाकवून त्याला आत ओढू नका. आमचा रेंजर बाहेर बसतो, मित्रांची अंगं झटके देताना बघतो. त्याच्या टर्नला तो कुणाही एकाला हलवून जागं करू शकतो. जागा झालेला वाचतो, पण आतल्यांची संख्या एकाने कमी होते. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, म्हणून त्या वेळी तो खुर्ची भिंतीकडे वळवून बसतो, आणि बाकीचे चौघे हाताने खुणा करून त्याला सांगत असतात: मला नको, तिला उठव.