गळ्यातले सुरक्षा-यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बालसंरक्षणाच्या कामात गृहभेटीला बहुतेक वेळा एकटीनेच जावे लागते, म्हणून आमच्या संस्थेने प्रत्येकीला ओळखपत्राच्या आकाराचे एक सुरक्षा-यंत्र दिले. मागचे बटण तीन सेकंद दाबून धरले की नियंत्रण कक्षाला इशारा जातो आणि खोलीतले बोलणे तिकडे ऐकू येऊ लागते. यंत्र मात्र आवाज न करता केवळ एकदा थरथरते. हे उत्तम, कारण चिडलेल्या माणसासमोर फोन बाहेर काढणे म्हणजे आगीत तेल ओतणेच.

बटणापेक्षाही मला उपयोग झाला तो मुदतीच्या सोयीचा. आत जाण्यापूर्वी पत्ता, मजला आणि लागणारा वेळ बोलून ठेवायचा (मजला सांगावाच लागतो, उपग्रहाला तो कळत नाही) आणि वेळ उलटली की कक्षातून विचारणा होते. एकदा मी मुदत वाढवायला विसरले. एक आई मुलाच्या दंडावरच्या वळांविषयी पहिल्यांदाच बोलू लागली होती, तेवढ्यात माझ्या गळ्यातून अनोळखी आवाज आला, "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?" ती गप्प झाली ती झालीच. विसरले मी, हे खरे. पण दोन मिनिटे आधी थरथरून आठवण करून देणे उत्पादकाला अवघड नव्हते.

मोठी उणीव नोंदीच्या तक्त्यात आहे. आमच्या वाट्याला मारहाणीपेक्षा धमक्या अधिक येतात. "तुमची मुलगी कुठल्या शाळेत जाते, ठाऊक आहे मला," असे दार उघडून धरत, अगदी शांतपणे सांगितले जाते, आणि तेव्हा बटण दाबावे असे काही घडलेले नसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये धमकीही हिंसेच्या व्याख्येत धरली आहे. या तक्त्यात मात्र ‘हल्ला’ आणि ‘चुकून दाबले’ एवढेच पर्याय आहेत. धमकी कागदावर येत नाही, वरिष्ठांना कळत नाही, आणि पुढच्या भेटीत "मला मुलाशी एकट्याशी बोलायचे आहे" हे वाक्य आपण गिळून परत येतो. अशा भेटीची नोंद ‘समाधानकारक’ म्हणून होते, हे मी स्वतः केले आहे.

आता आम्ही धमक्यांची वेगळी वही ठेवली असून धमकीनंतरची पहिली भेट जोडीनेच होते. यंत्र घेण्याजोगे आहे, परंतु खरेदीपूर्वी तक्त्यात ‘धमकी’चा रकाना घालून मागावा.