गेटवे पीसी सारखा बंद पडतोय: जुनाच दुरुस्त करावा, मिनी पीसी घ्यावा की सरळ राउटर?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसचं नेट २० तारखेला हमखास जायचं. जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नचा शेवटचा दिवस, १२ जण एकदम पोर्टलवर, आणि कोपऱ्यातला गेटवे पीसी, म्हणजे अख्ख्या ऑफिसचं नेट ज्याच्यातून जातं तो संगणक, मख्ख. पंखा फिरतोय, पण कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवाही दाद देत नाही. संशय अर्थातच लाइनवर. तीच लाइन लॅपटॉपला थेट लावली की मात्र पळायची.

मला बोलावलं तेव्हा प्रश्न तयारच होता: ‘दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा?’ मी म्हटलं, आधी मेलाय का ते बघू. पॉवरचं बटण एकदाच हलकेच दाबलं, तर पठ्ठ्या रीतसर शटडाउन झाला. म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त बहिरं झालं होतं.

लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, कारण सापडलं: ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’, म्हणजे १६ नंबरच्या लाइनवरच्या हाकेला कुणी ओ दिली नाही. जुन्या पीसीआय स्लॉटमधलं (कार्ड खोचायच्या खाचेतलं) दुसरं लॅन कार्ड आणि यूएसबी कंट्रोलर एकाच इंटरप्ट लाइनवर होते. ही लाइन म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार, जणू दारावरची बेल. अशी लाइन वाटून घेणं हा गुन्हा नाही, पीसीआयमध्ये तशी सोयच आहे. पण बेल सतत वाजतेय आणि ‘माझ्याकडे आलेत’ असं एकही ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणत नाही, असं झालं की लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वैतागून ती बेलच काढून टाकतो. मग त्या लाइनवरचं कार्डही मुकं आणि यूएसबी कीबोर्डही. गर्दीच्या दिवशीच का? ट्रॅफिक वाढला की बेलही जास्त वाजते.

दुरुस्तीच्या बाजूने बोलायचं तर तिला एक रविवार लागतो, पैसे जवळपास नाहीत. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साउंड, सिरियल आणि पॅरलल पोर्ट बंद करा, गेटवेला गाणी कुठे ऐकायचीत? कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा, बहुतेक वेळा लाइनही बदलते. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने कार्डाचे सोनेरी दात काळवंडतात, ते खोडरबराने पुसा. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालू ठेवा. एक सावधगिरी: स्लॉट बदलला की पोर्टचं नावही बदलू शकतं, आणि फायरवॉलचे (काय आत-बाहेर जाऊ द्यायचं याचे) नियम जुन्याच नावाला चिकटून राहतात. ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशा चिठ्ठ्या पोर्टवर आधीच चिकटवा. मी एकदा चिकटवल्या नव्हत्या, अर्धा दिवस गेला.

बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट मोकळा असेल, तर इंटेलचं कार्ड टाकणं याहून बरं. ती कार्डं एमएसआय पद्धतीने, म्हणजे सामायिक तारेऐवजी थेट संदेश पाठवून प्रोसेसरला हाक मारतात, त्यामुळे हे भांडण जवळपास मिटतंच. पण कार्ड पूर्ण काढूनही मशीन अडकत असेल, मेमटेस्ट चुका दाखवत असेल किंवा बोर्डावरचे कॅपॅसिटर फुगलेले असतील, तर त्यावर एक रुपयाही घालू नका.

मिनी पीसीचा खरा मुद्दा वीज. जुना डबा ७० वॅट खातो असं धरलं, तर चोवीस तास चालून वर्षाला सुमारे ६१३ युनिट होतात. एन१०० प्रोसेसरचा, चार पोर्टांचा मिनी पीसी १२ वॅटवर धरला तर सुमारे १०५. तुमच्या बिलातल्या दराने गुणून पाहा. कार्डांची मारामारी इथे नाही, कारण कार्डंच नाहीत. पण एक पोर्ट गेला तर सुटं कार्ड काढून बदलता येत नाही, आणि पंखा नसलेलं मॉडेल मे महिन्यात फॉल्स सीलिंगवर ठेवलं तर भाजून निघेल. लॅन चिप इंटेल आय२२६ आहे ना, विचारून घ्या. आधीच्या आय२२५च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होते. रॅम आणि एसएसडी किमतीत आहेत की वेगळ्या, तेही विचारा.

राउटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑफिसात लॉग उघडून बघणारा कोणी नसेल, आणि दोन इंटरनेट लाइन नि थोडे नियम एवढंच लागत असेल, तर दोन वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टवाला चांगला राउटर घ्या आणि मोकळे व्हा. पण कुणी काय वापरलं याच्या सविस्तर नोंदी किंवा बारीक फिल्टर हवे असतील, तर तो लवकर अपुरा पडेल.

माझा कल असा: बिघाड नुसत्या इंटरप्ट लाइनच्या भांडणाचा असेल तर आधी स्लॉट बदला, मग ठरवा. घाईत घेतलेला नवा डबा आणि जुनी सदोष केबल अशी जोडीही मी पाहिली आहे.

त्या ऑफिसात स्लॉट बदलून पुढची २० तारीख सुखरूप गेली. दिवाळीत त्यांनी मिनी पीसी घेतला, तो विजेपायी. जुना पीसी पोर्टवरच्या चिठ्ठ्यांसकट टेबलाखाली आहे, कव्हर घालून.